पाणपोईची लाल खूण

गोर्ना ब्रेझा, मंगळवार, १४ मे

मध्ये बोलू नकोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही, म्हणूनच पत्र लिहितोय. फोनवर तू मला दोन वाक्यं धड पुरी करू देत नाहीस, आणि तिसऱ्याला म्हणतेस, मामा, मी मीटिंगमध्ये आहे.

तर ऐक, नेव्हेना. तुझ्या त्या फोनवरच्या नकाशात वास्कामामीच्या पाणपोईवर तू लाल खूण मारलीयस.

मला रविवारी कळलं, आणि कसं कळलं तेही सांगतो. प्लोव्दिव्हहून डोंगर चढणाऱ्यांची बस आली. मी नेहमीसारखा बाकावर बसलो होतो. एक दांडगा गडी उतरला, घामाघूम, थेट धारेखाली ओंजळ धरली त्यानं. तोवर त्याची बायको मागून आली, फोनकडे बघत, आणि फाडकन हातावर मारलं तिनं त्याच्या. तापल्या तव्याला हात लागल्यासारखं. मला म्हणते, "आजोबा, पिऊ नका, नकाशात लाल आहे." मला सांगतेय. मी बांधलेल्या पाणपोईपाशी बसलेल्या मला.

वास्काला जाऊन चार वर्षं झाली. त्यातलं पहिलं दीड वर्ष मी त्या पाणपोईत घातलं. दगड मी फोडला, कमान मी घडवली, नाव मी कोरलं. येणारा थांबतो, पाणी पितो, तोंड पुसतो, वरचं नाव वाचतो आणि म्हणतो, देव तिला क्षमा करो. तेवढ्यासाठीच माणसं पाणपोई बांधतात. नुसती तहान भागवायची तर लोक गोठ्यातल्या नळालाही तोंड लावतात. गेल्या उन्हाळ्यात मी एका दिवसात त्रेसष्ट वेळा तिचं नाव ऐकलंय. या रविवारी किती? एकदा. तेही मीच म्हणालो.

आणि तो कागद. आरोग्यवाल्यांचा, 'पिण्यास अयोग्य' म्हणून. तो चिकटवायला त्यांना अख्ख्या दगडावर दुसरी जागा मिळाली नाही. मी तिच्या वर्षश्राद्धाचा कागद लावला होता ना, फोटोवाला, त्याच्यावरच. तिच्या तोंडावर. मी सुरीनं खरवडून काढला, तर खालचा फोटोही नाकापर्यंत गेला.

त्या नकाशासाठी तुला चित्र कोणी काढून दिलं होतं? ईस्टरला, बेकरीच्या पिशवीवर, पेन्सिलीनं? तूच म्हणालीस, मामा, एका रेघेत पाणपोई काढून दाखव. दाखवली. आणि तू माझीच रेघ घेऊन माझ्याच बायकोला लाल केलंस.

२२ जूनला मृतांचा शनिवार आहे. उकडलेले गहू आणि चेरी घेऊन सगळं गाव पाणपोईवर येईल. मी त्यांना काय सांगू, गहू खा आणि तहानलेले घरी जा? त्याआधी ती खूण निळी कर.

तुझा मामा,
स्पास

ता.क. ते पाणी मी रोज पितो. मला काहीही झालेलं नाही.


प्लोव्दिव्ह, शुक्रवार, १७ मे

(केरामावशी, तुझ्या वाचनघरातल्या प्रिंटरवर हे मेल मोठ्या अक्षरात छाप आणि मामाला दे. तू वाचू नकोस. वाचशीलच, पण निदान त्याच्यासमोर मान हलवू नकोस.)

मामा,

मी मध्ये बोलले नाही. आता तू बोलू नकोस.

लाल खूण मी 'मारली' वगैरे नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेनं तीनदा पाणी तपासलं. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये आणि परत मेमध्ये. तिन्ही वेळा विष्ठेतले जंतू निघाले. थोडे नाही, भरपूर. तुमच्या डोंगरावरच्या एकेचाळीस पाणपोया आहेत नकाशात. चौतीस निळ्या, सात लाल. बाकीच्या सहा लालांचीही माणसं आहेत, त्यांच्याही दगडावर कोणाकोणाची नावं आहेत. त्यांच्यापैकी कोणीही मला पत्र पाठवून 'मध्ये बोलू नकोस' म्हटलं नाही.

तुला वाटतं मी ब्रश घेऊन बसते आणि वाटेल तिथे ठिपका देते. तसं नसतं रे. तुझ्या पिशवीवरच्या चित्राच्या मी आधी सूचना बनवल्या. इथून सुरू कर, वर जा, कमान वळव, खाली ये, कुंड काढ, आत रंग भर. तू पोराला छिन्नी धरायला शिकवताना सांगतोस ना, तसंच. मग त्या सूचना एन्कोड केल्या, म्हणजे त्यांची अक्षरांची एक लांबलचक माळ झाली. PHN2Zy पासून सुरू होते, सात-आठ ओळी भरतील एवढी आहे, आणि माणसानं वाचून काहीही कळत नाही. ती माळ मी नकाशाच्या कोडमध्येच ठेवून दिली.

एवढा खटाटोप कशाला? तुमच्या डोंगरासाठी. चित्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं तर फोन ते आणायला जातो. वर रेंज नाही, मग तो रिकाम्या हातानं परत येतो आणि पाणपोईच्या जागी फाटका चौकोन दाखवतो. चित्र कोडच्या पोटातच असलं की बस-थांब्यावर एकदा नकाशा उघडला की झालं, माणूस शिखरापर्यंत सगळ्या पाणपोया बरोबर घेऊन चढतो. रेघ, कमान, रंग, सगळं त्या माळेत आहे.

आणखी एक आहे. हे तुला सांगणार नव्हते. चित्राला आतमध्ये एक नाव देता येतं, स्क्रीनवर न दिसणारं. मी 'वास्कासाठी' असं दिलंय. म्हणजे निळ्या असोत की लाल, एकेचाळीसच्या एकेचाळीस पाणपोयांच्या आत मामीचं नाव आहे. माझ्या ऑफिसात कोणाला माहीत नाही.

तेव्हा मामीला मी काय केलं आणि काय नाही, हे मला सांगू नकोस. तिनं मला वाढवलंय, आई कारखान्यात असताना. तिला कोणी विचारलं असतं, वास्का, तुझ्या नावाचं घाण पाणी लोकांना पाजू का, तर काय म्हणाली असती ती? तुझ्या अंगावर ओला फडका फेकला असता.

मी खोटी खूण लावणार नाही. अहवालाची प्रत जोडलीय. वाच. आणि ते पाणी पिणं बंद कर.

नेव्हेना


गोर्ना ब्रेझा, शुक्रवार, २४ मे

नेव्हेना,

केराकडून ती माळ मी छापून घेतली. तुझी ती PHN2Zy. भिंग घेऊन बसलो, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, दोनदा. वास्का कुठंय त्यात? केरा म्हणते, असेल, उलगडलं की दिसेल. कोण उलगडणार? तो ओंजळवाला गडी?

चाळीस वर्षं मी दगडावर नावं कोरतोय. उद्या कोणी येऊन म्हणाला, स्पास, नाव दगडाच्या मागच्या अंगाला कोर, भिंतीकडे तोंड करून, आणि वरून गिलावा मार, तर मी त्याला कॉफी पाजून घरी पाठवीन, त्याची तब्येत बरी नाही म्हणून. नाव कोणीतरी तोंडानं घ्यायचं असतं. जे कोणी घेत नाही ते कसलं नाव, ते लपवलेलं सामान. वाईट वाटलं तर वाटू दे. मलाही वाटलं.

आणि मामी फडका फेकेल हे मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं ते फडके मी झेललेत.

राहिले जंतू. माझ्या आजोबाच्या वेळेपासून त्या कुरणातून मेंढ्या खाली येतात. लेंड्या टाकायला मेंढ्या काय घरी जातात का? आजोबा एक्याण्णवाव्या वर्षी गेला, आणि तोही चेरीच्या झाडावरून पडून. तेच पाणी, तोच झरा. आता अचानक प्लोव्दिव्हच्या पोरींना त्यात जंतू दिसायला लागले.

तुला जमत नसेल तर राहू दे. गावात शिकलेली माणसं आणखीही आहेत.

स्पास


प्लोव्दिव्ह, सोमवार, ३ जून

मामा,

कोणाचं डोकं हे? तुझं की केरामावशीचं? केरामावशी, तू हे छापतेयस, तर छापता छापता तूही वाच.

शनिवारी सकाळी अकरा चाळीसला, वाचनघराच्या कम्प्युटरवरून, नकाशाची फाइल बदलली गेली. हे मला आज दुपारी कळलं, कारण शनिवार-रविवार मी कम्प्युटर उघडत नाही. यापुढे उघडत जाईन.

तुम्हाला एक पाणपोई निळी करायची होती. किती झाल्या ते बघितलंत? सात. मामा, सातच्या सात. लाल खूण नकाशात सात वेळा लिहिलेली नसते. एकदाच लिहिलेली असते, एका ओळीत, आणि सातही जागा त्या एकाच ओळीकडे बोट दाखवतात. एकच साचा म्हण. तुम्ही त्या ओळीतली लाल माळ पुसून तिथे निळ्याची माळ चिकटवलीत. साचा बदललात, मग त्यातून निघणारं सगळंच बदललं.

त्या सातांत जुन्या खाणीखालची पाणपोई आहे. तिच्या पाण्यात आर्सेनिक आहे. तिथे जंतूसुद्धा जगत नाही. कुंडात शेवाळ नाही म्हणून ते पाणी इतकं स्वच्छ दिसतं, की बघूनच प्यावंसं वाटतं. जूनचा पहिला शनिवार-रविवार, कडक ऊन, आणि नकाशा उघडला दोनशे सहा जणांनी. दोनशे सहा माणसांना तू सांगितलंस की प्या.

मी आता सगळं परत लाल केलंय. वीस मिनिटं लागली. पासवर्डही बदललाय, विचारू नका.

मला एवढंच सांग, दुसऱ्या कोणी तुझ्या दगडावरचं नाव छिन्नीनं उडवून तिथे आपल्याला हवं ते कोरलं असतं, तर तू काय केलं असतंस?

नेव्हेना


गोर्ना ब्रेझा, बुधवार, ५ जून

नेव्हेना बाळ,

मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. तुझं पत्र त्यानं माझ्यासमोर वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं, आणि गेला. तो काही उत्तर देईलसं दिसत नाही, म्हणून मीच लिहिते.

बटणं मी दाबली. वाचनघराच्या कार्यक्रमांचं पान मीच बदलते ना, त्याच जागी तुझा नकाशा आहे. त्यानं तीन दिवस माझं डोकं खाल्लं. आधी मी सरळ मार्गानं गेले. जिथं रंगाचं लिहिलंय तिथं 'लाल' काढून 'निळा' घातलं. पडद्यावर खूण लालच. पुन्हा घातलं, कम्प्युटर बंद करून चालू केला, लालच. तो मागं उभा राहून म्हणतो कसा, हट्टी आहे, आईवर गेलीय. मग माझ्या लक्षात आलं की तू लिहिलं होतंस, रंग माळेच्या आत आहे, बाहेरून सांगून तो ऐकणार नाही. म्हणून मी शेजारच्या ओळीतली निळी माळ उचलली आणि लालच्या जागी ठेवली. तिची पाणपोई निळी झाली. तो खुर्चीत बसला आणि रडला, नेव्हेना. बाकीच्या सहांकडे आमचं कोणाचं लक्षच गेलं नाही. नकाशा आम्ही तेवढ्याच जागेवर मोठा करून ठेवला होता.

रविवारी संध्याकाळी तो बेकरीत पाव घ्यायला उभा होता. रुसेहून आलेलं एक जोडपं वरच्या निवाऱ्याची वाट विचारत होतं. बोलता बोलता बाई म्हणाली, पाणी आहे आमच्याकडे, खाणीजवळच्या पाणपोईवर बाटल्या भरून घेतल्या. बेकरीवाली म्हणाली, तिथलं कशाला भरलंत? बाई म्हणाली, नकाशात निळी आहे.

स्पासचा पाव तिथंच राहिला. त्यानं दोघांच्या हातातून बाटल्या घेतल्या आणि रस्त्यावर ओतल्या. नवरा भांडायला उठला, तर यानं त्याला सांगितलं, ती खूण मी बदललीय, माझ्या बायकोसाठी. मग आपल्या गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. एकेक पेला प्याले होते दोघं. एका पेल्यानं काही होत नाही म्हणाले डॉक्टर. काही झालं नाही.

तो तिथून थेट माझ्याकडे आला, म्हणाला, आत्ताच्या आत्ता लाल कर. पण लाल माळ मी कुठं जपून ठेवलीच नव्हती गं. पुसून टाकली होती. आणि तुला फोन करायची दोघांनाही लाज वाटली. मग सोमवारी उजाडायच्या आत तो खाणीपाशी जाऊन बसला, अंगात लाल स्वेटर घालून, जूनमध्ये. येईल त्याला हाकलत होता. तू दुपारी सगळं नीट केलंस ते त्याला कळणार कसं, तिथं रेंज नाही. संध्याकाळी मी जाऊन सांगितलं, तेव्हा उठला.

उठला म्हणजे मी उठवला. आता हे ऐक. रोज बस यायच्या वेळेला तो वास्काच्या धारेखाली पेला धरून दोन पेले पितो, सगळ्यांसमोर, घोट घोट, लोकांना दिसावं म्हणून. महिना होत आला. पोट धरून असतो. विजार दोरीनं बांधतोय. डॉक्टरांनी त्या दिवशी त्यालाच तपासायला घेतलं, तर म्हणाला मी ड्रायव्हर आहे, पेशंट ते आहेत.

माझं नाव सांगू नकोस.

केरा


गोर्ना ब्रेझा, सोमवार, १० जून

नेव्हेना,

केरा टपाल-पेटीकडे चोरासारखी जाते. तेव्हा तुला सगळं कळलं असणार.

त्या दोघांचं जे झालं ते माझ्यामुळे. त्यावर जास्त लिहीत नाही. त्यांना मी पत्र टाकलंय, तेही जास्त नाही. दगडावरच्या नावाबद्दल तू विचारलंस, तर उत्तर असं की मी त्याचे हात मोडले असते.

पेला बंद केलाय. डॉक्टरच्या गोळ्या घेतोय. पांढऱ्या सकाळी, पिवळ्या रात्री.

पण एक मला सांग. आता पडून असतो, त्यामुळे तुझा तो अहवाल परत वाचला. आधी नुसता फेकला होता. तू मला दोन पानं पाठवलीस. दुसऱ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय, तीनपैकी दोन. तिसरं पान कुठंय?

मी म्हातारा आहे, आडमुठा आहे, सात पाणपोयांना निळं करणारा गाढव आहे. पण नाव कोरणारा माणूस शेवटचं अक्षर मोजल्याशिवाय छिन्नी खाली ठेवत नाही. तू मोठ्या तोंडानं लिहिलंस, खोटी खूण लावणार नाही. मग तिसरं पान.

मेंढ्यांचं मी खरंच बोललो होतो. शंभर वर्षं मेंढ्या खाली येतायत आणि पाणी चांगलं होतं. वास्का स्वतः त्या झऱ्याचं पाणी घेऊन जायची, दही लावायला. मग बिघडलं कधी? आणि कशानं?

स्पास


प्लोव्दिव्ह, शुक्रवार, १४ जून

मामा,

तिसरं पान जोडलंय. मी मुद्दाम काढून ठेवलं होतं.

त्यात दोन गोष्टी आहेत. एक, जंतू मेंढ्यांचे नाहीत, गुरांचे नाहीत, माणसांचे आहेत. दुसरी, पाण्यात धुण्याची पावडर आणि साबण सापडलाय. खाली उताराचा कच्चा नकाशा आहे, पाणी कुठून येत असावं त्याचे बाण काढलेत. तुझ्या झऱ्याच्या वर त्या अंगाला एकच इमारत आहे. ब्लागोयचं गेस्टहाउस. अठरा खोल्या, अठरा बाथरूम. शोषखड्डा आहे, कागदावर.

आणि हा नकाशा बनवायचे पैसे वाचनघरानं दिलेत असं तुला वाटतं ना? निम्मे. निम्मे ब्लागोयनं. म्हणून त्याच्या गेस्टहाउसची खूण, तो सोनेरी पलंग, नकाशावर सगळ्यात मोठा दिसतो, कुठल्याही पाणपोईच्या दुप्पट. तो पलंगही मीच काढला, मीच एन्कोड केला, मीच कोडमध्ये घातला. रात्रीच्या अंधारातही दिसावा म्हणून त्याला कडा दिली.

तिसरं पान मी बॉसला दाखवलं होतं. तो म्हणाला, पाणी कसं आहे ते नकाशा सांगतो, का ते सांगत नाही. आपण पोलीस नाही. आणि मी मान डोलावली, मामा. मला ते बरोबरही वाटलं. तुझ्याशी भांडताना तर फारच बरोबर वाटलं. माझी खूण खरी आहे, माझा रंग खरा आहे, मी कशाला घाबरू? तुला महिनाभर खऱ्याचे धडे दिले आणि पान टेबलाच्या खणात ठेवलं. तू ते पाणी पीत होतास तेव्हा ते खणात होतं. हे मला आता जेवताना आठवतं.

आज सकाळी मी दोन कामं केली. ब्लागोयचा पलंग नकाशातून काढून टाकला, माळेसकट. आणि मामीच्या खुणेवर बोट ठेवलं की आता नुसतं 'अयोग्य' येत नाही, पाणी कशानं बिघडलंय ते येतं, अहवालाच्या तारखेसह. बॉसचे तीन फोन येऊन गेले. नोकरी राहिली की नाही ते सोमवारी कळेल.

जिल्ह्याला तक्रारही केलीय, तुझ्या नावानं नाही, माझ्या. त्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला माहितेय, मृतांचा शनिवार त्याआधी आहे. मला माहितेय. पण तू काही करू नकोस. गोळ्या घे. मी २२ ला येते, तोवर घरात बस. हे मी तुला हात जोडून सांगतेय, आणि मी कोणाला हात जोडत नाही.

नेव्हेना


गोर्ना ब्रेझा, मंगळवार, १८ जून

नेव्हेना,

पान मिळालं. बाण बघितले. एक बाण जिथून निघतो तिथे त्यांनी लिहिलंय, आधारभिंत, तळाशी उघडं भोक.

ती भिंत मी बांधलीय.

अडीच वर्षांपूर्वी. वास्काची पाणपोई नुकतीच झाली होती, दगडखाणीतून आणलेला दगड उरला होता. ब्लागोय आला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, स्पास, गेस्टहाउसखालची माती खचतेय, तुझ्यासारखी भिंत दुसऱ्या कोणाला जमणार नाही. आणि तळाला एक भोक ठेव, हातभर रुंद, पावसाच्या पाण्याला वाट हवी. मी ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, वर छोटी कमान घातली. दिसायला बरी म्हणून. वास्काच्या कमानीसारखीच, तिच्याच दगडाची. त्यानं मला पाठीवर थाप मारून घरी गाळलेली रकिया पाजली.

काल मी वर गेलो होतो. काठी टेकत, दोनदा बसत. पंधरा दिवसांत पाऊस नाही, आणि भोकातून धार वाहतेय. कोमट. लॅव्हेंडरचा वास येतो, त्याच्या बाथरूममधल्या साबणाचा. मी तिथं उभा होतो तेव्हा वर कोणीतरी संडासाची टाकी सोडली आणि ती माझ्या कमानीखालून बाहेर आली.

पोरी, तुझं पान खणात होतं म्हणून तू जेवत नाहीस. मी तर घाणीला दरवाजा बांधून दिला, नक्षीचा. आणि वर अडीच वर्षं खाली बाकावर बसून लोकांना म्हणत होतो, प्या, प्या.

तीस दिवस म्हणतेस. ते उत्तर देतील. उत्तरात लिहितील, पाहणी करू. पाहणीला येतील तेव्हा ब्लागोय त्यांना पलंग देईल.

वास्काच्या धारेला मी आज सकाळी बूच मारलंय. आरोग्यवाल्यांचा कागद पुन्हा लावला, माझ्या हातानं, तिच्या फोटोच्या शेजारी, तोंडावर नाही. शनिवारी कोणी पिणार नाही, मीच पिऊ देणार नाही. गहू आणि चेरी घरीच खातील. या वर्षी तिचं नाव कमी वेळा घेतलं जाईल. ते ब्लागोयच्या माथी.

तुझी खूण लालच राहू दे. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस. आणि आतलं ते नाव बाहेर आण. बोट ठेवलं की घाणीच्या आधी तिचं नाव दिसलं पाहिजे, वाचता येईल अशा अक्षरांत. कोणाची पाणपोई आहे ते आधी, कोणी बिघडवली ते नंतर.

भोकाच्या मापाचा दगड मी काल संध्याकाळीच घडवून ठेवलाय. बसला की नखही शिरणार नाही. अठरा बाथरूमचं पाणी जिथून आलं तिथंच वर चढेल, मग जिल्ह्याचे लोक तीस दिवस लावणार नाहीत, पाहुणेच त्यांना फोन करतील. भिंत माझी आहे, भोक माझं आहे. कोणी विचारलं तर हेच सांग. तू आणि केरा यात नाही.

ब्लागोयचा भाऊ पोलिसात आहे, मला माहितेय. शहाणपणाचं काय ते तू फोनवर सांगशीलच, म्हणून फोन टेबलावर ठेवून चाललोय. वाजला तर वाजू दे. पत्र आता रात्रीच केराच्या दाराखाली सरकवतो, ती सकाळी उठेल तोवर मी वर पोचलेलो असेन.

सिमेंट कालवलंय, डबा दारात आहे. फार वेळ थांबलो तर त्यातच घट्ट होईल. निघालो.

स्पास